रेनेसाँ मेळ्यासाठी किल्टचा पोशाख जुळवायचाय: कापड, निऱ्या, पट्टा, सगळंच विचारतोय

पिंपळपार | ९ सप्टेंबर, २१:१४

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला राहतो. इथून साधारण पन्नास मैलांवर टॉड मिशन नावाच्या गावी टेक्सास रेनेसाँ फेस्टिव्हल भरतो. १९७४ पासून चालू आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार-रविवार, सोळाव्या शतकातल्या युरोपातलं गाव उभं केलेलं, घोड्यांवरून भाल्यांच्या झुंजी, लोहार, काच फुंकणारे, टर्कीच्या तंगड्या. निम्मी माणसं त्या काळच्या पोशाखात येतात. एका वीकेंडला स्कॉटिश थीम असते.

मागच्या वर्षी मी जीन्स आणि टीशर्टवर गेलो होतो. सोबत नऊ वर्षांची लेक. एका बाकावर बसलेल्या माणसाने अंगावरचं चौकड्याचं भलंमोठं लोकरी कापड खांद्यावरून सोडलं आणि थंडी वाजणाऱ्या आपल्या मुलाला त्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. ते कापड म्हणजेच त्याचा किल्ट, स्कॉटिश पुरुष कमरेभोवती नेसतात तो कपडा. तेव्हापासून डोक्यात बसलंय की या वर्षी आपण नीट तयार होऊन जायचं.

पण बाजारात पाहिलं तर गोंधळ. शिवलेला किल्ट, पट्ट्यावर बांधायचा किल्ट, खिसेवाला किल्ट, पुढे केसाळ पिशवी, काळं जाकीट, पायमोज्यात सुरी. यातलं रेनेसाँच्या काळाचं नेमकं काय? कोणत्या घराण्याचं टार्टन, म्हणजे ते चौकड्याचं कापड, घ्यावं, आणि माझ्यासारख्याने ते घालणं बरोबर दिसेल का? बजेट दोनशे डॉलरच्या आत. उंची ५ फूट ७, कंबर ३६.

---

शेवगा | ९ सप्टेंबर, २१:४०

पहिला प्रश्न मीच विचारून टाकतो, नाहीतर सगळे तोच मनात ठेवून धागा वाचतील. आत काय घालतात?

---

उनाड | ९ सप्टेंबर, २१:५२

शेवगा, पहिल्याच प्रतिसादात! मी पैज हरलो, मला वाटलं होतं तिसऱ्यात येईल.

---

लीथकाठ | १० सप्टेंबर, ०२:३०

मी चौदा वर्षं एडिनबराला आहे. इथल्या लग्नांत, पदवीदानात, ‘केली’ नावाच्या नाचगाण्याच्या मेळाव्यांत किल्ट रोजचा बघतो आणि स्वतः पाच-सहा वेळा घातलाय. शेवगाचा प्रश्न आधी मिटवतो: चड्डी घाला. भाड्याने किल्ट देणारे दुकानदारही तेच सांगतात. मेळ्यात बाकांवर बसायचंय, वारा आहे, आजूबाजूला लहान मुलं आहेत. शिवाय मैलोन्‌मैल चालल्यावर मांड्या घासून सोलवटतात, तेव्हा जरा लांब पायाची सुती चड्डी बरी.

आता मुद्द्याचं. तुम्ही फोटोत बघता तो काळं जाकीट, केसाळ स्पोरन (पुढची पिशवी) आणि मोज्यातली सुरी असा पोशाख एकोणिसाव्या शतकात घडलेला आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, त्या सोहळ्याची सगळी मांडणी वॉल्टर स्कॉटने केली, आणि तिथून टार्टनची लाट आली. निऱ्या कायमच्या शिवून टाकलेला किल्ट अठराव्या शतकाच्या शेवटाचा. तो रेनेसाँ मेळ्यात घालणं म्हणजे शिवकाळाच्या देखाव्यात बंदगळा कोट घालून उभं राहणं.

त्या माणसाच्या अंगावर तुम्ही पाहिलात तो ग्रेट किल्ट. गेलिकमध्ये फेला मोर, मोर म्हणजे मोठा. अखंड कापड, शिवण नाही, कमरेला पट्टा, वरचा भाग खांद्यावर. त्याचं सर्वांत जुनं वर्णन १५९४ चं आहे. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचे भाडोत्री सैनिक आयर्लंडमध्ये लढायला गेले, तिथल्या लोकांना त्यांचे कपडे वेगळे दिसले आणि कुणीतरी ते लिहून ठेवलं. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी का होईना, तुमच्या मेळ्यात तो बसतो.

---

गारवा | १० सप्टेंबर, ०८:१५

मी विस्कॉन्सिनला केनोशाच्या ब्रिस्टल मेळ्याला चार वर्षं जातेय. तिथे १५७४ साल धरलंय, पहिली एलिझाबेथ राणी ब्रिस्टल शहराला भेट देते तो दिवस. कलाकारांना काळ काटेकोर पाळावा लागतो, पण तिकीट काढून येणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. परीचे पंख लावून आलेले असतात, रोबोसुद्धा बघितलाय. तेव्हा पिंपळपार, एवढा ताण घेऊ नका. खिसेवाला सुती किल्ट घ्या, सैल पांढरा शर्ट, जाड पट्टा, झालं. टेक्सासच्या उन्हात लोकर अंगावर घेऊन फिरणं मला तरी जमणार नाही.

---

सुईदोरा | १० सप्टेंबर, ०९:०२

गारवा, कुणी विचारत नाही हे खरं. पण पिंपळपारांनी जे पाहिलं ते मुलाला कवेत घेणारं कापड होतं. खिसेवाल्या किल्टमध्ये ते कुठून येणार?

मी नाशिकला तीस वर्षं शिवणकाम केलंय, आणि नाटकांसाठी जुने पोशाख करून दिलेत. लीथकाठ म्हणतात ते वाचून मी कालपासून ग्रेट किल्टची मापं बघतेय. पिंपळपार, हा कपडा शिवायचा नाही, नेसायचा आहे. आणि नेसणं आपल्याला परकं नाही. मापंच बघा. त्या काळचे माग अरुंद, त्यामुळे पंचवीस-तीस इंची पन्ह्याचं आठ-नऊ वार कापड विणायचं, मधोमध कापायचं आणि दोन पट्टे कडेला कड लावून जोडायचे. आठ-नऊ वार! आपलं लुगडंही नऊ वार.

आज कापड दुप्पट पन्ह्याचं, ५६ ते ६० इंची मिळतं, म्हणून साडेचार वार पुरतं. फ्लॅनेल स्वस्त म्हणून घ्यायला जाल तर पन्हा बघून घ्या. बहुतेक फ्लॅनेल ४४ इंची असतं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत तुमच्या उंचीला २३-२४ इंच जातील, मग वर फक्त वीस इंच उरतील. तेवढ्यात खांद्यापर्यंत पोचणार नाही आणि मुलगी तर नाहीच मावणार.

---

पिंपळपार | १० सप्टेंबर, २०:३३

लीथकाठ, सुईदोरा, मनापासून आभार. ग्रेट किल्टच करायचा, ठरलं. गारवा, तुमचा उन्हाचा मुद्दा डोक्यात आहे. नोव्हेंबरातही इथे दुपारी घाम फुटू शकतो. लोकर घ्यावी की पॉलिस्टर-व्हिस्कोसचं मिश्रण?

आणि निऱ्यांचं गणित कुणी समजावेल का?

---

सुईदोरा | ११ सप्टेंबर, ०७:४५

साडेचार वार म्हणजे १६२ इंच. दोन्ही टोकांना वीस-वीस इंच सपाट सोडा, ते पुढे एकावर एक येतात. उरले १२२. एका निरीत सहा इंच कापड घातलं तर वीस निऱ्या होतात. प्रत्येकीचा इंचभर भाग बाहेर दिसला की पाठीमागे वीस इंच भरतात. मागे वीस, पुढे वीस, चाळीस झाले. शर्टावरून पट्टा आवळला की दोन-तीन इंच आत जातात.

आता खुबी. कापडाचा चौकडा सहा इंचांनी पुन्हा येणारा निवडा. मग मोजपट्टी लागतच नाही. एका निरीत एक चौकडा. रेघेवर रेघ बसत जाते आणि मागून पाहिलं तर चौकडा अखंड दिसतो.

---

कट्टेकरी | ११ सप्टेंबर, ०८:१०

सुईदोराताई, हे वाचून माझी बायको म्हणाली की कागदावर कळलं नाही पण बोटांना कळलं.

---

ढोलवाला | ११ सप्टेंबर, ११:२०

लोकरच घ्या, पिंपळपार. पॉलिस्टर उन्हात अंगाला चिकटतं. लोकरीतून वारा खेळतो आणि घाम टिपला जातो. आमचे आजोबा माणदेशात मेंढरं राखायचे. वैशाखातही त्यांच्या खांद्यावर घोंगडं असायचं. बसायला तेच, पांघरायला तेच, पाऊस आला की त्याचीच खोळ करून डोक्यावर. तुम्ही म्हणता तो स्कॉटिश डोंगरातला माणूस काय वेगळं करत होता? मेंढ्या, डोंगर, पाऊस, आणि एकच कापड.

फक्त वजन बघा. सोळा औंसी कापड साडेचार वार घेतलं की साडेचार पौंड भरतं, म्हणजे दोन किलो. अकरा-तेरा औंसाचं मिळालं तर टेक्सासला पुष्कळ.

---

लीथकाठ | ११ सप्टेंबर, १३:०५

ढोलवाला, खोळीचं अगदी बरोबर. पाऊस आला की वरचा भाग डोक्यावरून ओढायचा, आणि रात्री पट्टा सोडून त्याच कापडात झोपायचं.

टार्टनचं आता. घराण्याघराण्याचं वेगळं टार्टन ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली पद्धत. तीत बनावटही पुष्कळ झाली. १८४२ मध्ये स्वतःला सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली घराण्यांच्या टार्टनचं पुस्तक छापलं, आणि ते हस्तलिखित खोटं निघालं. पण त्यातली कितीतरी टार्टन आजही लोक अभिमानाने घालतात. त्याआधी १७०३ मध्ये मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरच्या माणसाने लिहिलं होतं की बेटाबेटाची नक्षी वेगळी आणि कापडावरून माणूस कुठला ते ओळखता येतं. म्हणजे गाव कळायचं, आडनाव नाही. आपल्याकडे काठ-पदरावरून इरकल ओळखावं तसं.

तुम्ही घालावं का? घालावं. इथे कुणाला कोणतं टार्टन घालायची कायद्याने बंदी नाही. फक्त बाल्मोरल टार्टन राजघराण्याचं मानतात, ते सोडा. सिंग नावाचं टार्टनही नोंदलेलं आहे. माझ्या शेजारचे आजोबा मला पहिल्यांदा किल्टमध्ये बघून घरात गेले आणि स्वतःची किल्टपिन आणून माझ्या कडेला लावून दिली.

एकच विनंती. त्याला घागरा म्हणून हसू नका, कुणाला हसू देऊ नका. कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोर हरल्यावर १७४६ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमध्ये सैनिक सोडून कुठल्याही पुरुषाने, मुलाने हायलँडचा (तिथल्या डोंगराळ भागाचा) पोशाख घातला तर पहिल्या वेळी सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ती बंदी १७८२ मध्ये उठली. पस्तीस वर्षं. एक अख्खी पिढी नेसायला न शिकता मोठी झाली.

---

अबोली२२ | ११ सप्टेंबर, १८:५०

हे शेवटचं वाचून थांबले. नेसणं विसरायला एक पिढी पुरते. माझ्या आजीचं नऊवारी आईला येत नाही आणि मला तर शिवलेलंच लागतं.

बायका काय घालायच्या? मी न्यू जर्सीहून टक्सीडो पार्कच्या मेळ्याला जाणार आहे.

---

लीथकाठ | ११ सप्टेंबर, २३:१०

अबोली, अरिसेड. मार्टिन मार्टिननेच वर्णन केलंय: पांढरं कापड, त्यात काळ्या, निळ्या, तांबड्या बारीक रेघा, मानेपासून टाचेपर्यंत, छातीवर चांदीच्या किंवा पितळेच्या बक्कलने बांधलेलं आणि कमरेला पट्टा. तुमच्या मेळ्यात शोभून दिसेल. वर्णन १७०३ चं आहे एवढं ध्यानात ठेवा.

---

भोकरदनी | १२ सप्टेंबर, ०६:३०

थोडं विषयांतर. माझं गाव भोकरदन तालुक्यातलं, जालना जिल्हा. आमच्यापासून जवळच असई. २३ सप्टेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली ते हेच असई. वेलस्लीकडे दोन हायलँडर पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. ७४ वीची तर त्या दिवशी धूळधाण झाली. पुढे या पलटणींना मानचिन्ह म्हणून हत्ती मिळाला, त्यावर असईचं नाव. ७८ वीच्या टार्टनला आज मॅकेन्झी म्हणतात: निळं-हिरवं, पांढऱ्या आणि तांबड्या रेघांचं.

लहानपणी नदीकाठच्या शेतात गोळे सापडायचे असं आजोबा सांगायचे. स्कॉटलंडच्या डोंगरातली पोरं इथे येऊन मेली आणि आमचीही मेली. पिंपळपार, कापड निवडताना मॅकेन्झी टार्टन घेऊ नका असं म्हणत नाही. पण घेतलंत तर माहीत असू द्या.

---

उनाड | १२ सप्टेंबर, ०७:१५

मी तर म्हणेन मुद्दाम घ्या. दोन्हीकडची आठवण एका कापडात.

---

ढोलवाला | १२ सप्टेंबर, ०७:५८

मला नाही पटत. मराठी माणसाने असईला समोर उभ्या असलेल्या पलटणीचं टार्टन हौसेने अंगावर घ्यावं? त्यांच्या कापडाबद्दल आदर आहे, पण हे मन घेत नाही.

---

भोकरदनी | १२ सप्टेंबर, ०९:४०

ढोलवाला, मीही बरीच वर्षं तसाच विचार करायचो. मग कळलं की त्यातली कितीतरी पोरं जमीन हातची गेली म्हणून पलटणीत आली होती. १८०३ मध्ये तिथे मेंढ्यांसाठी गावं उठवली जात होती. राग धरायचा कुणावर? तरी तुमचं म्हणणं मी चुकीचं म्हणणार नाही.

---

पिंपळपार | १२ सप्टेंबर, २१:२०

भोकरदनी, ही माहिती मला अजिबात नव्हती. दिवसभर डोक्यात तेच होतं. ढोलवाला, तुमच्या बाजूने कौल लागला. मॅकेन्झी नाही घेणार.

लीथकाठ, घराण्याचं नसलेलं, सोळाव्या शतकाला शोभेल असं काय घेऊ?

---

लीथकाठ | १३ सप्टेंबर, ०२:१५

मग ग्लेन अफ्रिकचा तुकडा बघा. साधारण चाळीस वर्षांपूर्वी हायलँडमधल्या ग्लेन अफ्रिक खोऱ्यात दलदलीच्या पीट मातीत टार्टनचा एक तुकडा सापडला. जेमतेम ५५ सेंटिमीटर लांब, ४३ रुंद. मातीत हवा नव्हती म्हणून टिकला. तपासण्या झाल्या तेव्हा कापड १५०० ते १६०० च्या दरम्यानचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त निघाली. २०२३ मध्ये डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात ठेवलं होतं, मी मुद्दाम बघायला गेलो. हिरवा, तपकिरी, आणि पूर्वी तांबडा-पिवळाही असावा. मातीने सगळं चहाच्या रंगाचं केलंय, पण खाली वाकून पाहिलं की चौकडा दिसतो. जाड सूत, कुठे पीळ जास्त कुठे कमी. ते कुणीतरी शेतात, गुरांमागे वापरलेलं कापड आहे.

हिरव्या-तपकिरीत कुठलाही साधा चौकडा घ्या. आडनावाचा प्रश्नच मिटला.

---

शेवगा | १३ सप्टेंबर, ०८:००

बाकीच्या वस्तू राहिल्या. स्पोरन, सुरी, बूट. आणि कोल्हापुरी चालेल का? माझ्याकडे दोन जोड पडून आहेत.

---

लीथकाठ | १३ सप्टेंबर, १३:२५

केसाळ, गोंडेदार स्पोरन नको, तो पलटणींचा थाट. चामड्याचा दोरीने आवळायचा बटवा पट्ट्याला अडकवा. फोन, गाडीची किल्ली त्यातच जाईल.

मोज्यात खोचायची स्किअन डू नंतरच्या काळाची, तिची गरज नाही. खंजीर लावायचाच असेल तर मेळ्याचे नियम आधी वाचा. बहुतेक मेळ्यांत दारावर मूठ आणि म्यान एकत्र बांधून टाकतात, पुन्हा दिवसभर काढायचं नाही.

पायांत साधे चपट्या तळाचे चामडी बूट. १५४३ च्या सुमारास जॉन एल्डर नावाच्या हायलँडच्या पाद्र्याने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पत्र लिहिलं होतं. त्यात तो सांगतो की आम्ही उघड्या पायांनी हिंडतो म्हणून आम्हाला तांबड्या नडग्यांचे म्हणतात, आणि हरणाच्या कातड्याचे बूट स्वतःच करतो, केस बाहेरच्या बाजूला, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून भोकं पाडलेली. तेव्हा शेवगा, उघडी नडगी आणि चामडं इथवर तुमची कोल्हापुरी जवळची आहे. चिखलात मात्र पायातून निघेल.

शर्ट: जाड लिननचा, मांडीपर्यंत लांब, ढगळ बाह्यांचा. त्या काळी केशरी-पिवळ्या रंगाची लेन्य, म्हणजे असाच लांब सदरा, घालायचे. दोरीने गळा बांधलेला जो शर्ट जॅकोबाइट म्हणून विकतात तो आजकालचा आहे, पण दुसरं नसेल तर चालवून घ्या.

---

मठ्ठा | १३ सप्टेंबर, २२:४५

ऑनलाइन स्वस्तात घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव. एका दुकानातून चाळीस डॉलरचा शिवलेला किल्ट मागवला. अ‍ॅक्रिलिकचं कापड, चामड्याच्या नावावर रेक्झिन. पहिल्याच पावसात हिरवा रंग पांढऱ्या मोज्यांवर उतरला आणि बक्कलची वादी तुटली. परत घ्यायला तयार नाहीत. सियालकोटला किल्ट आणि बॅगपाइपचा मोठा धंदा आहे, तिथून आलेला उत्तम लोकरी मालही मी मित्राकडे पाहिलाय. तेव्हा गाव बघू नका, कापडाचं नाव आणि वजन लिहिलंय का ते बघा. न लिहिलेलं घेऊ नका.

---

पिंपळपार | ५ ऑक्टोबर, २०:१०

कळवायला उशीर झाला. कापड आलं! उरलेल्या तागांच्या सेलमध्ये तेरा औंसी लोकर, हिरवी-तपकिरी, साडेचार वार, ५८ इंच पन्हा. चौकडा सव्वासहा इंचांचा. अडीच इंच रुंद चामड्याचा पट्टा घेतला.

शनिवारी गॅरेजमध्ये चटई टाकून पहिला प्रयत्न केला. पद्धत अशी की जमिनीवर पट्टा आडवा ठेवायचा, त्यावर कापड पसरायचं, निऱ्या घालायच्या, मग त्यावर उताणं झोपायचं, खालची कड गुडघ्याशी आणायची, दोन्ही टोकं पोटावर घ्यायची, पट्टा आवळायचा आणि उठायचं. चार वेळा उठलो आणि चारही वेळा मागच्या निऱ्या एका कुल्ल्यावर गोळा झाल्या.

आई सध्या इथे आहे. साताऱ्याची, रोज नऊवारी नेसते. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, तू बोटांनी मोजतोस. कापड सांगतंय ते बघ ना. ही तपकिरी रेघ धर, पुढची तपकिरी रेघ हिच्यावर ठेव. आणि खालनं नको धरू, वरनं धर." गुडघे दुखतात तिचे, तरी खाली बसली. अंगठा आणि तर्जनीत निरी धरायची, बाकीच्या तीन बोटांनी आधीच्या निऱ्या दाबून ठेवायच्या आणि हाताच्या कडेने एकदा पाणी फिरवल्यासारखं सपाट करायचं. वीस निऱ्यांना तिला सहा-सात मिनिटं लागली असतील. सुईदोरा, तुम्ही सांगितलेली खुबी आईने धागा न वाचता सांगितली.

पाचव्या वेळी उठलो ते निऱ्या जशाच्या तशा. मग तिने मागून एक फेरी मारली आणि विचारलं, "कासोटा नाही याला?" नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग धावताना?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

लीथकाठ | ६ ऑक्टोबर, ०१:४०

काकूंना माझा नमस्कार सांगा. धावताना कापड मांड्यांवर वर येतं, त्यासाठीच ते आखूड असतं.

---

सुईदोरा | ६ ऑक्टोबर, ०७:२०

दर वेळी जमिनीवर झोपायचं नसेल तर आतून कमरेच्या रेषेवर प्रत्येक निरीमागे कापडाची बारीक वळी शिवा आणि त्यांतून सुती नाडी ओवा. नाडी ओढली की निऱ्या आपोआप जमतात, उभ्यानेच नेसता येतो. पण एकदा तरी जमिनीवर नेसून मेळ्याला जा. आईंच्या हातच्या निऱ्या आहेत त्या.

---

गारवा | ६ ऑक्टोबर, १९:००

मी माझं मत मागे घेते. पुढच्या वर्षी मलाही अरिसेड करायचंय. अबोली, आपण कापड एकत्र मागवू या का?

---

अबोली२२ | ६ ऑक्टोबर, १९:३०

नक्की. व्यक्तिगत निरोप पाठवते.

---

पिंपळपार | १८ नोव्हेंबर, २२:०५

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

घरून नेसून गाडी चालवणं अशक्य, निऱ्या सगळ्या बसल्याबसल्या मोडतात. म्हणून पार्किंगच्या गवतावर निळी ताडपत्री अंथरली आणि तिथेच झोपून नेसलो. लेक पट्ट्याचं टोक हातात देत होती. शेजारच्या गाडीतले दोघे चिलखत चढवत होते, त्यांना पाठीचं बक्कल लागेना, ते मी लावून दिलं आणि त्यांनी माझ्या खांद्यावरची पिन.

पिन मोठी आणि गोल घ्या. जाड काट्याची पेनॅन्युलर, म्हणजे एका जागी कापलेलं कडं, काटा आरपार घालून कडं फिरवलं की अडकतं. छोटी सेफ्टी पिन एवढं जड कापड पेलत नाही, उघडते. कापड डाव्या खांद्यावर घ्या, उजवा हात मोकळा राहतो. मी आधी उजवीकडे घेतलं होतं, प्रत्येक वेळी पाण्याची बाटली उचलताना पदर घसरायचा.

उकडलं का? दुपारी दोन ते चार, हो. तेव्हा वरचा भाग पिन काढून मागे सोडला, कमरेभोवती खोचला. ढोलवाला, घोंगड्याचं तुमचं म्हणणं खरं निघालं, आत ओल साचली नाही. मागच्या वर्षी जीन्समध्ये याहून जास्त घाम आला होता.

त्रास झाला तो कुसळांचा. टेक्सासच्या वाळक्या गवतातली काटेरी कुसळं खालच्या कडेला शेकड्याने चिकटली आणि बसल्यावर पोटऱ्यांना टोचत होती. भाल्यांच्या झुंजीच्या मैदानाला कडेकडेनेच जा.

संध्याकाळी सहानंतर हवा पालटली. लेक झुंज बघताना कुडकुडायला लागली. तिला मांडीवर घेतलं आणि मागचं सगळं कापड पुढे ओढलं. ती, मी आणि तिच्या हातातली अर्धी तंगडी, सगळं आत मावलं.

---

सुईदोरा | १९ नोव्हेंबर, ०६:५०

कुसळं ओढून काढू नका, सूत निघेल. बारीक दातांची फणी कापडाला चपटी धरून उलट दिशेने फिरवा. मग थंड पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा, धुवायला टाकू नका.

---

भोकरदनी | १९ नोव्हेंबर, ०८:१२

फोटो टाका हो!

---

पिंपळपार | १९ नोव्हेंबर, २१:३०

सुईदोरा, फणीने निघाली. आई आणि लेक दोघी टीपॉयपाशी बसून तासभर काढत होत्या, वाटीभर निघाली.

भोकरदनी, लेकीचा चेहरा दिसतो म्हणून फोटो नाही टाकत. पण कापड आता आईकडे आहे. इथे पहाटे गार असतं, पूजेला बसताना तेच पांघरते. पुढच्या मेळ्याआधी मागून घ्यावं लागेल.